बैलांच्या मागे मोटरसायकल

दोन मोटरसायकलवाले भेटले की किस्सा निघतो, आणि तिसरा आला की तो खरा ठरतो! साठ सालाच्या आसपास दारव्ह्याला रहीम मिस्त्रींच्या गॅरेजपुढे आम्ही मलेरियाच्या फवारणी खात्याचे सुपरवायझर जमायचो. गाड्या मोजक्या आणि गप्पा अमाप.

•

मिस्त्रींचा नियम कडक. दुरुस्त गाडी न्यायची तर आधी समोरच्या कडुलिंबाभोवती एक फेरी, तीही बैलाच्या चालीनं. पाय टेकला की चावी परत त्यांच्या खिशात!

मी म्हणालो, "मिस्त्री, मी पुसदपर्यंत सुसाट जातो."

"जोरात तं कोनीबी पळवते साहेब. हळू चालवून दाखवा!"

•

आमच्या देशमुखाला क्लच अर्धवट दाबून ठेवायची खोड. एकदा भर चौकात गाडीतून धूर! मिस्त्रींनी क्लचची जळकी प्लेट काढून त्याच्या हातावर ठेवली. "घ्या, पापड भाजला तुमी!"

नवी प्लेट नागपूरहून येईस्तोवर देशमुख गावोगाव पायी हिंडला.

•

एका गाडीवानाचे बैल आमच्या गायकवाडच्या हॉर्ननं बुजले आणि बंडी थेट नाल्यात. गाडीवान बैलांना टोचायची तुतारी उगारून धावला, "बंद कर थे डबडं!" छप्पन सालापासून समोरच्याला 'जय भीम' घातल्याशिवाय न बोलणारा गायकवाड त्या दिवशी तेही विसरला. बैलांमागे हॉर्न वाजवायचा नाही, हे मात्र पक्कं शिकला.

•

आणि हा किस्साही गायकवाडचाच. बाजाराचा दिवस. त्याच्या गावाहून निरोप आला, बहीण बाळंतपणात अडली आहे, मूल आडवं आहे. माझी गाडी मिस्त्रींकडे उघडून पडलेली. गायकवाडची चालू होती, पण क्लचची प्लेट झिजलेली.

मिस्त्री म्हणाले, "क्लच पुरा दाबा, पुरा सोडा, मधात लटकवू नका. हळू जायचं तं मागचा ब्रेक धरा. जळली तं गाडी जागेवरच!"

दवाखान्यातल्या नर्सबाई गायकवाडच्या मागे बसल्या. मी सायकलवर निघालो. बाजारातून परतणाऱ्या बंड्यांनी रस्ता भरलेला, बाजूला खोल चर. गायकवाडनं क्लच दाबला, सोडला, दाबला, सोडला. सायकल असून मी त्याला गाठलं! त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

बाईंना वास आला. "भाऊ, काय जळून राह्यलं?"

"काही नाही बाई. घट्ट बसा."

गाडी दारापर्यंत गेली. बाई आत धावल्या. आम्ही ओट्यावर बसलो. आतून आधी ओरडणं, मग काहीच नाही. गायकवाडची डावी मूठ अजून क्लच दाबल्यासारखी आवळलेली.

बऱ्याच वेळानं बाई हात पुसत बाहेर आल्या. त्याच्या मुठीकडे बघून म्हणाल्या,

"पोरगी झाली. दोघीबी बऱ्या हायेत. आता तं क्लच सोडा, भाऊ!"