न बोलणाऱ्या लाकडाची गिटार

माझा उजवा खांदा गेला तो गिटारपेक्षा एसटीनं. धाराशिव ते माकणी रोज जा-ये, बावीस वर्षं वरचा दांडा धरून उभं राहायचं आणि तिथं जाऊन पोरांना गणित शिकवायचं. संध्याकाळी घरी येऊन गिटार मांडीवर घेतली की जरा माणसात आल्यासारखं वाटायचं. पण माझी गिटार मोठी, पोट सुटलेली. त्या पोटावरून हात पलीकडं टाकला की खांद्यातून अशी कळ जायची की डोळ्यांपुढं काजवे. डॉक्टर म्हणाले, बंद करा आता. घरी येऊन मी रडले. पन्नाशीची बाई गिटारसाठी रडते, हसा खुशाल.

अब्बांनी विचारलं, "काय झालं?" मला ओरडून सांगावं लागलं. सगळा जन्म सुतारकामात, करवतीच्या मशीनपाशी काढलेला, त्यामुळं बारीक आवाज त्यांच्या कानांनी कधीच सोडून दिलेत. कुकरची शिट्टी कळत नाही, ट्रक गेलेला कळतो. माझ्या मोठ्या गिटारचा खर्ज कळायचा, म्हणून रोज मगरिबच्या नमाजानंतर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचे.

"त्यात काय रडायचं? बारकी करून देतो की तुला," ते म्हणाले. घरात आमची दखनी चालते, पण लाकडाचं बोलणं आलं की अब्बा मराठीत येतात. धंदा ते मराठीतच शिकले.

मी एक मोडकी लहान गिटार मिळवली. पुढची फळी आणि पाठ फुटलेली, बाकी सांगाडा धड. अब्बा महिनाभर तिच्या मागं लागले. पाठ शिसवीची केली. पुढची फळी जुन्या सागवानाची, तीन सूत जाड, म्हणजे चांगली बोटाएवढी, आणि वर पॉलिशचे इतके हात की त्यात तोंड बघावं. मी तार छेडली. दारावर टकटक केल्यासारखा आवाज आला आणि तिथंच मेला.

"छान झालीय अब्बा," मी म्हणाले. दमले होते हो. खरं बोलायलाही अंगात जोर लागतो.

आठ दिवस मी तिला हात लावला नाही. नवव्या दिवशी अब्बांनीच विचारलं, "वाजवीत का न्हाईस?"

"अब्बा, तिला आवाजच नाही."

"आवाज कसा येईल? निवडून घेतलीय फळी!" ते चिडले. मला हाताला धरून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. एकेक फळी उभी धरायची, एका बाजूनं बोटाच्या पेरानं ठोकायची आणि दुसऱ्या बाजूला तळहात लावून ऐकायचं, ही त्यांची रीत. "ही बघ, बोलतीय. ही न्हाय बोलत. बोलणारी म्या कधी घेत न्हाय. बोलणाऱ्या लाकडाचं दार वाऱ्यानं खडखडतं, लोक शिव्या देतात."

या अल्लाह! म्हणजे शेडमधली सगळ्यात मुकी फळी त्यांनी माझ्यासाठी वेचून काढली होती, तीही जीव लावून. मला हसावं की रडावं कळेना.

मग मी शिकवायला बसले. गिटारची पुढची फळी थरथरली पाहिजे, म्हणून ती हलकी आणि पातळ लागते. पाठ शिसवीची आहे ती ठीक, कडक लाकूड आवाज परत फेकतं. आणि पोट लहान म्हणजे आत हवा कमी, त्यामुळं खर्ज थोडका येणार, पण मधले सूर स्वच्छ. मला तेवढं पुरे.

"पातळ म्हणजे किती?"

"एका सुताच्या आत."

"तौबा! फळी करायची का पापड?"

तरी उठले. खिळ्यांचं जुनं देवदारी खोकं होतं, कधीकाळी कुठल्याशा मशीनबरोबर आलेलं. ते रिकामं करून ठोकून बघितलं. "बोलतंय हे," म्हणाले, आणि तोंड पाडलं. "पण खोक्याचं लाकूड लेकीला द्यायचं?" मी म्हणाले, द्या. त्यांनी रंधा मारून मारून फळी उजेडाला धरण्याइतकी पातळ केली. सागवान काढून ती बसवली. जास्त पॉलिश करू दिलं नाही मी, नुसता एक हात.

गिटार तयार झाली त्या संध्याकाळी ते खुर्ची ओढून बसले. मी वाजवायला घेतलं. हात पोटावर अलगद टेकला, कळ नाही, काही नाही. सूर असे मोकळे सुटले की वाटलं, चला, सुटले एकदाची. अख्खं गाणं वाजवून मी वर बघितलं. अब्बा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"तारा लावून झाल्या का? आता वाजव की," ते म्हणाले.

खर्ज कमी होणार हे मीच मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं. तेवढा खर्जच त्यांच्या वाट्याला उरला होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मी त्यांची खुर्ची जवळ ओढली, त्यांचा तळहात धरून पुढच्या फळीवर ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. बऱ्याच वेळानं त्यांची मान हलली. "व्हय. बोलतीय," म्हणाले.

आता रोज असंच चालतं. फळीवर हात ठेवला की आवाज निम्मा दबतो, माझं मलाच नीट ऐकू येत नाही. तेवढं मी अब्बांना सांगितलेलं नाही.