वॉल्टला ऐकू जाईल असं

बेसबॉलवर लिहिणाऱ्याकडे मॅचेसपेक्षा किस्सेच जास्त साठतात. थंडीत तासन् तास कुडकुडत बसायचं. मग माणसं बोलणारच की!

२००१ला अमेरिकेत ॲन आर्बरला एमएस करायला आलो आणि एका वेबसाइटसाठी लिहायच्या नादी लागलो. शाळा-कॉलेजातली कुठली मुलं पुढे मोठी होतील, ते हेरायचं. जूनमध्ये ड्राफ्ट असतो, तेव्हा मोठ्या टीम्स त्यांतून आपापली मुलं निवडतात.

आईला फोनवर म्हटलं, “आज ओहायोला मुलगा बघायला गेलो होतो.”

“कुणासाठी रे?”

“टीमसाठी. डावखुरा आहे.”

“असू दे. घर चांगलं आहे ना?”

*

माझ्या आजूबाजूला टीम्सचे स्काउट बसायचे. मुलं पारखणं हीच त्यांची नोकरी. एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला जातील, पण बॉलचा स्पीड मोजायच्या गनवरचा आकडा? हात आडवा धरून झाकतील!

एकदा त्यांतल्याच डॅनला सहज विचारलं, “किती टाकला?”

“हवा छान आहे, नाही?” तो म्हणाला. गारा पडत होत्या!

*

त्यांतला वॉल्ट सगळ्यांत म्हातारा. बायको गेलेली, मूलबाळ नाही, मैदानाशिवाय जायला जागा नाही. एकदा मला म्हणाला, “हा पोरगा छान पळतो.” मैदानात तेव्हा फक्त पाण्याची नळी ओढणारा माणूस होता.

मी हसलो. डॅन हसला नाही. “डोळे चाललेत त्याचे,” तो हळूच म्हणाला. “टीमला कळलं तर संपलं.”

*

पुढच्या मॅचला पहिलाच बॉल पडला आणि डॅन करवादला, “एक्क्याण्णव! ही गन बिघडली वाटतं!”

मागून कुणीतरी म्हणालं, “छे, माझीही एक्क्याण्णवच म्हणतेय!”

जन्मभर आकडे लपवलेली माणसं यार, भाजीबाजारात बसल्यासारखी ओरडायला लागली! वॉल्ट समोर बघत मोठमोठ्या अक्षरांत लिहून घ्यायचा. कुणी काही ठरवलं नव्हतं, नंतरही कुणी विषय काढला नाही. मला मात्र गहिवरून यायचं.

*

आणि २००८च्या मेमध्ये, ड्राफ्ट तोंडावर असताना, वॉल्टचा बॉस आला. कुणीतरी चहाडी केली असणार. तो थेट वॉल्टशेजारी बसला. त्याच्यासमोर कसं ओरडणार?

बॉल पडला. वॉल्ट पेन धरून थांबला. बघवेना.

डॅन खाकरला आणि ओरडला, “त्र्याण्णव!”

“त्र्याण्णव!” मागून आणखी एक.

बॉसने वळून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. गेली वॉल्टची नोकरी, मी मनात म्हटलं.

पुढचा बॉल बॅटवर खणकन बसला. बॉसने वॉल्टच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बाप रे, काय मारलाय! सेंटर फील्डरच्या डोक्यावरून... अजून जातोय... गेला, कुंपणापार गेला!”

वॉल्ट समोर बघत म्हणाला, “हो, दिसला मला.”