नातवाची शिक्षा

माझा नातू हिंदी शाळेत शिकला. मराठी बोलतो, पण मधेमधे हिंदी घुसतं. बी.कॉम. झाला तेव्हा पाहुण्यांना म्हणाला, "माझी शिक्षा पूर्ण झाली." सगळे हसले; त्याला म्हणायचं होतं शिक्षण, पण वाटलं जणू तुरुंगातून सुटला. पुढे तो देवासच्या कारखान्यांत अर्ज देत फिरला. मुलगा आणि सून पाळीवर. घरात तो आणि मी; तो मोबाइलवर, मी स्वयंपाकघरात. बोलणं जेवण्यापुरतं.

मग तो संध्याकाळी बाहेर जायला लागला. नवे मित्र "चल भिया" म्हणत न्यायला यायचे. मला बरंच वाटलं. कुठे जातोस विचारलं तर म्हणाला, "मागच्या वस्तीत. तिथल्या लोकांना शिक्षा द्यायची आहे."

मी समजले, शिकवायला जातो. पोरांसाठी डबाभर चिवडा दिला. त्यानं तो नेलाही.

माझी पोलकी शिवणारा मुसलमान शिंपी त्याच वस्तीत बसतो. त्याला म्हटलं, माझा नातू तुमच्या मुलांना शिकवतो. त्यानं मशीन थांबवलं.

"पढ़ाता नहीं है, अम्मा. दुकानों के फोटो खींचता है. पूछता है, कौन-सी किसकी है."

घरी येऊन नातवाला विचारलं, "शिक्षा म्हणजे कोणती रे?"

"तुमच्या मराठीतली." मान वर केली नाही.

मुलाला सांगितलं. तो पाळीवरून दमून आलेला. "वय आहे, आई. उतरेल." आणि झोपला.

रविवारी त्या मित्रांचा म्होरक्या मोटारसायकल घेऊन आला. चाळिशीचा माणूस. सगळ्या पोरांना जवळच्या सोनकच्छ गावाला न्यायचं होतं. कशाला, ते कुणी बोललं नाही. गाडीला दांडे बांधलेले मला दिसले. मी दारात खुर्ची टाकून बसले.

"जाने दो माताजी, धरम का काम है."

"तुम्हारा लड़का चल रहा है?"

"वो इंदौर में है. पेपर है उसका."

"मग ह्यालाही तिथेच बसव. एक से भले दो."

"माताजी बड़ी मज़ाकिया हैं," तो हसला.

नातू माझ्या मागे बूट घालून उभा होता. हळूच म्हणाला, "भिया, पेपर तो मेरा भी था. बैंक का. आपने बोला, छोड़ दे."

"अब बहस करेगा?"

नातू दारातून एक पाऊल मागे सरकला. म्होरक्यानं किक मारली आणि गेला. नातवानं बूट काढले, भिंतीवर फेकले आणि खोलीचं दार आपटलं.

पुढे कितीतरी दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मीही मनधरणी केली नाही, ताट वाढत राहिले. आता बोलतो थोडं. बाहेर जात नाही. पण त्यांचे फोन येतात. फोन आला की तो गच्चीवर जातो, आणि जिना मला चढवत नाही.