बाजार सुधारला की बघू

आधी माफी मागते. चौथीत माझी शाळा सुटली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घाचं मला आजही उमगत नाही, आणि अक्षर तर वाळत घातलेल्या कुरडयांसारखं आहे. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, दुपारी लाईट नव्हती म्हणून शिलाई थांबली होती, तेव्हा लिहायला बसले. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण कागदावर एक गोष्ट ठासून लिहिते. दारू न सोडताच ज्याची दारू सुटली असा माणूस साऱ्या परभणी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो म्हणजे आमचे दाजी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. मानवतच्या मार्केट यार्डात ते मापाडी आहेत. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, वजन पुकारायचं आणि पट्टी लिहायची हे त्यांचं काम. वजनात त्यांनी कधी कुणाला फसवलं नाही, पण जग आपल्याला रोज फसवतं अशी त्यांची पक्की समजूत. मेथीची जुडी उचलली की म्हणणार, "ह्यात निम्मं पाणीच हाय." देवळात प्रसाद घेतला तरी तो तळहातावर तोलून पुजाऱ्याला विचारणार, "बुवा, मागल्या गुरुवारी शिरा जास्त व्हता की." माझ्या लग्नात त्यांनी भर मांडवात मंगळसूत्राचं वजन पुन्हा करायला लावलं होतं. गुरुजी मंगलाष्टकं थांबवून उभे, वऱ्हाड हातात अक्षता घेऊन उभं, आणि सोनार घाम पुसत बसलेला. वजन बरोबर निघालं तेव्हा सगळ्यांत जास्त वाईट दाजींनाच वाटलं.

एका दारूवर मात्र त्यांचा आंधळा विश्वास होता. "सगळ्या बाजारात हाच एक माल इमानदार हाय," असं ते म्हणायचे. "बाटलीवर लिवलंय तेवढंच भरतंय, आन् सांगितलंय तेच करतंय." ह्या इमानदार मालापायी अक्काच्या पाटल्या गेल्या, दारातली शेळी गेली. मी पिको-फॉलच्या मशीनसाठी पैसे साठवले होते. ते "लायसनची फी भरायचीय, आठ दिसांत देतो" म्हणून त्यांनी नेले. फी अक्कानं आधीच भरली होती हे मला मागून कळलं. दाजींना काही मागायचं धाडस मला सात जन्मांत झालं नसतं. त्यांच्यासमोर मी मान वर करून बसलेलीसुद्धा कुणाला आठवणार नाही.

मग हरभऱ्याच्या हंगामात एका भर दुपारी दाजी काट्यावरच आडवे झाले. हमालांनी त्यांना उठवलं नाही. त्यांनी रीतसर वजन केलं, पट्टी फाडली, तिच्यावर शेरा लिहिला, "माल ओला. खरेदी नाही," आणि ती पट्टी दाजींच्या खिशाला टाचली. सगळं यार्ड हसलं. मार्केटचे सचिव तेवढे हसले नाहीत. पुन्हा असं दिसलं तर लायसन रद्द, म्हणाले. अक्कानं ती पट्टी वाचली, कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि दोन गल्ल्या ओलांडून माझ्याकडं आली. जाताना दाजींना म्हणाली, "आता तुमच्या लायसनचं तुमी बघा. पर पुन्हा पिलात तर मी कायमची गेले असं समजा."

लायसनपेक्षा दाजी ह्या बोलण्याला जास्त घाबरले. ते परभणीच्या डॉक्टरांकडं गेले. अक्का त्यांच्या शेजारी बसायला तयार नव्हती, म्हणून मधल्या खुर्चीवर मी. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थोडे दिवस भरती करून घेतलं आणि मग रोजची एक गोळी लिहून दिली. दाजींनी ती चिमटीत धरून वर-खाली केली. "एवढुशी? ह्याचं वजन तरी भरतंय का?"

डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "हिच्यावर दारू प्यायलात तर उलट्या होतील, मराल, असलं काही नाही. तलफ कमी होईल. आणि प्यायलात तरी पहिल्यासारखी मजा येणार नाही. सोडायचं मन मात्र तुमचंच लागेल."

"साहेब," दाजी हसले, "मजा माझी हाय. ती गोळीनं कशी कमी हुईल?"

अक्कानं अट घातली, गोळी रोज साक्षीदारासमोर घ्यायची. ती स्वतः त्यांचं तोंड बघणार नव्हती, म्हणून साक्षीदार मी. रोज सकाळी यार्डात जायच्या आधी दाजी माझ्या उंबऱ्यात येऊन उभे राहायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "मास्तरीणबाई, हाजरी घ्या." मी पाण्याचा पेला ठेवायची. ते गोळी गिळायचे आणि आ करून उभे राहायचे. मी दाराच्या कडीकडं बघून "हं" म्हणायची.

आतून अक्का ओरडायची, "नीट बघ गं! जिभंखाली बघ!"

"तूच ये की मग बघायला," दाजी म्हणायचे.

"माझी बला येती."

एवढं त्या दोघांचं बोलणं. पण रोज व्हायचं.

पुढं दाजींनी गोळीची परीक्षा घ्यायची ठरवली. नेहमीच्या दुकानी गेले, नेहमीएवढी प्यायले, आणि तोंड वाकडं करून परत आले. "पाणी घातलंय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं डोळ्यांदेखत सील तोडून दिलं, तर ह्यांनी सीलच खोटं ठरवलं. अक्का आत "गोळी चुकंल त्या दिशी गेले," म्हणत गाठोडं आवळत होती आणि हे उंबऱ्यात उभं राहून मला मालाची तक्रार सांगत होते. मग एसटीनं सेलूला गेले. तिथं त्यांनी दुकानदारालाच आधी प्यायला लावलं. तिसऱ्या पेल्याला तो गाणं म्हणायला लागला, तेव्हा दाजी त्याला निरखून म्हणाले, "हा ढोंग करायलाय." वालूरला चांगला माल मिळतो असं कुणी सांगितलं, तर तिथंही जाऊन आले. "तिकिटाचे पैसे धरून लय महाग पडली, आन् चढली कायच न्हाई. समदा जिल्हा बेइमान झालाय." गोळीवर मात्र त्यांचा तिळभरही संशय नव्हता. एवढ्याशा वजनाची वस्तू काही करू शकेल हे मापाड्याच्या मनाला पटतच नव्हतं.

शेवटी त्यांनी अर्ज लिहून घेतला आणि परभणीला एक्साईजच्या कचेरीत नेला. अक्कानं मला पाठराखीण म्हणून धाडलं, "वाटंत कुटं बसू देऊ नको." साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. म्हणाले, "काका, दारूनं घर बुडालं म्हणून बाया येतात आमच्याकडं. दारू चढत नाही म्हणून आलेले तुम्ही पहिलेच." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "गोळ्या वगैरे काही चालू आहेत का?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं.

परतताना दाजींनी स्टँडवर भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि मापावरून भांडले नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. गल्लीत बैल सजत होते, आणि संध्याकाळी यार्डातल्या मंडळींची प्यायची बैठक असते हे मला ठाऊक होतं. दाजी आले, हजेरीचं काही बोलले नाहीत, गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, उगीच जरा आ केला आणि वळले. दाजी न बोलता माझ्या दारातून गेलेत असं कधी झालं नव्हतं. माझ्याच तोंडातून निघालं, "दाजी, काहीतरी बोला की."

"म्हं," दाजी म्हणाले.

"काय म्हणालात?"

"म्हं."

आतल्या खोलीत अक्काची भांडी वाजायची थांबली. मी आयुष्यात पहिल्यांदा दाजींच्या तोंडाकडं सरळ बघत होते. त्यांनी गालातली गोळी काढून तळहातावर घेतली आणि सवयीनं तोलली. बराच वेळ तोलली.

"एवढुशा गोळीनं समद्या बाजाराचा माल खोटा केला," ते हळू म्हणाले. "वजन तर कायच न्हाई गं हिला."

मी पेला पुन्हा भरून पुढं केला. त्यांनी आतल्या दाराकडं बघितलं, गोळी गिळली आणि मोठा आ केला. मी जिभेखाली बघितलं. "हं," मी म्हणाले. आत भांडी परत वाजायला लागली.

त्यानंतर दाजी प्यायले नाहीत. पण सोडली, असं मात्र ते आजही म्हणत नाहीत. यार्डात कुणी आग्रह केला की सांगतात, "म्या काय सोडली बिडली न्हाई. माल खोटा यायलाय. बाजार सुधारला की बघू." बाजार आपल्यामुळंच बिघडला, असं सांगणारे मात्र गल्लीत पुष्कळ निघाले. शेजारणीला तिच्या उपासांचा गुण वाटला, सचिवांना आपल्या दमाचा, आणि सगळ्यांत कहर म्हणजे नेहमीचा दुकानदार लोकांना सांगत होता, "मीच म्हटलं हुतं त्यांला, आता बास करा." गोळीचं नाव कुणी घेतलं नाही. गोळीही काही बोलली नाही. ती माझ्यासारखीच.

दिवाळीला अक्का घरी परत गेली. दाजी न्यायला आले, त्यांनी गाठोडं हातात तोललं आणि म्हणाले, "येताना जड व्हतं की गं."

"निम्मा राग हितंच ठिवलाय," अक्का म्हणाली. "लागला की घेऊन जाईन."

हजेरी मात्र माझ्याकडंच राहिली. एका सकाळी दाजी गेल्यावर मी पेला उचलला, तर खाली घडी केलेली नोट. मी ती मशीनच्या पैशांच्या रिकाम्या डब्यात टाकली. पुढच्या आठवडी बाजाराला पुन्हा नोट. पुढं डॉक्टरांनी तपासून गोळी बंद केली, तरी बाजाराच्या दिवशी दाजी येतच राहिले. पाणी प्यायचे, सवयीनं आ करायचे, मी "हं" म्हणायची.

काल ते आले. पेला खाली ठेवायच्या आधी नोटा माझ्या हातात दिल्या. "मास्तरीणबाई, माप बगा बरूबर हाय का."

डब्यातल्यांसकट मी मोजले. कमी नव्हते, जास्तही नव्हते. अजून थोडे राहिलेत, असं म्हणायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पुढच्या बाजाराला ते पुन्हा उंबऱ्यात उभे राहिले असते. पण मापाड्याला खोटं माप कोण सांगणार?

"बरोबर आहे, दाजी," मी म्हणाले.

त्यांनी पेला स्वतःच धुतला आणि फळीवर पालथा घातला. पैसे सगळे फिटले.