जीव न लागणारा विषय

पीएचडीचा विषय ठरवण्याआधी माझ्या आत्याला तीन प्रयोगशाळांत महिना-महिना काम करून बघायचं होतं. पहिल्या प्रयोगशाळेत तिने आठवड्याभरात सगळ्या उंदरांना नावं दिली, मग सुई टोचायला हातच उचलेना. दुसरीत रक्त बघून तीच आडवी झाली. शेवटी आत्याबाईंनी जंतू निवडले.

"त्यांना ना डोळे, ना तोंड! जीव लागायचा प्रश्नच नाही," असं तिने बाबांना ठणकावून सांगितलं.

काल माझ्या वाढदिवसाला ती फिरकली नाही. फोन केला तर म्हणाली, "कशी येऊ गं? चिडकी कालपासून वाढतच नाहीये."

चिडकी म्हणजे तिची जंतूंची तिसरी बशी.

"आणि हे बघ, दादाला यातलं काही सांगू नकोस."