रंभाजींचं विंडोज

राहात्यात बाजारतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रंभाजी पगारे यांचं टायपिंगचं दुकान आहे. पाटी अजून आहे, दुकान दिवाळीपासून बंद आहे. दिवाळीच्या आधी एका सकाळी लग्नपत्रिकेचं मॅटर लावता लावता त्यांचा उजवा हात कीबोर्डवरून घसरून मांडीवर पडला आणि तिथेच राहिला. अर्धांगवायू. हात परत येईल का, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "येऊही शकतो." घरातल्यांनी हे वाक्य जसंच्या तसं ठेवून दिलं. पुन्हा कोणी काही विचारलं नाही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रंभाजींचा पलंग आता तिथेच असतो, संगणकाच्या खुर्चीला लागून. खुर्चीवर त्यांची मुलगी शुभांगी बसते. कॉम्प्युटर सायन्स शिकून तिला पुण्याच्या एका लहान कंपनीत काम मिळालं होतं, पण तीन महिने चाचणीवर आणि घरून. लॅपटॉप कंपनी देणार होती, तोही पक्की झाल्यावर. तोवर वडिलांचाच संगणक.

त्या संगणकावर विंडोज होतं, जुनं. ते तसं असण्याला कारण होतं. रंभाजी टाइपरायटरवर शिकलेले. त्यांचा मराठीचा प्रोग्राम आणि फॉन्ट इतके जुने, की ते फक्त त्याच विंडोजवर चालत. गिऱ्हाइकं येऊन "दादा, मागच्या वर्षीचंच, फक्त तारीख बदला" म्हणत. म्हणून रंभाजी काहीच पुसत नसत. जयंतीची हँडबिलं, वास्तुशांतीची कार्डं, दशक्रियेच्या पत्रिका यांनी डिस्क भरून गेली होती.

कंपनीचं सगळं काम विंडोजवर नाही, लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चाले. शुभांगीने विंडोजच्या आतच लिनक्स चालवून पाहिलं, तर मशीन गोठलं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायला डिस्कवर जागा नव्हती. फोनवर तिचा वरिष्ठ पार्थ कधी आवाज चढवत नसे.

"शुभांगी, सगळ्यांकडे प्रोग्राम चालतो, तुझ्याकडेच का अडतो?"

"सर, माझ्याकडे विंडोज आहे."

"अजून? म्युझियममध्ये राहतेस का तू? सोमवारपर्यंत बदल. नाहीतर मला वर काय सांगायचं ते तूच लिहून दे."

स्वयंपाकघरात तिने आईला विचारलं. सुमनबाई भाकरी थापत होत्या.

"विंडोज पुसून लिनक्स टाकलं, तर पप्पांचं काम त्यावर होणार नाही."

"आता तरी कुटं व्हतंय?"

"पण हात आला तर?"

सुमनबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "तुला नोकरी लागंल तसं कर. त्यांना नको इचारू."

शनिवारी शुभांगीने सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. त्या दुसरीकडे उघडणार नाहीत, हे तिला माहीत होतं. तरी घेतल्या. पडद्यावर मशीनने विचारलं, डिस्क पूर्ण पुसायची का. मागे पलंगावर रंभाजी जागे होते.

"काय... करती?"

"अपडेट टाकतेय, पप्पा."

तिने बटण दाबलं. आपल्याला वाईट वाटेल असं तिने धरलं होतं. काही वाटलं नाही. पट्टी भरत गेली, तिने चहा घेतला.

मंगळवारी जयंती कमिटीचा छगन आला. "वैनी, दादांकडं मागच्या वर्षीचं हँडबिल हाय. तेवढी तारीख बदलून द्या की." सुमनबाईंनी दारातूनच सांगितलं, "न्हाई जमायचं भाऊ." रंभाजींनी ते ऐकलं.

गुरुवारी दुपारी शुभांगी औषधं आणायला गेली. सुमनबाई मागे धुणं धूत होत्या. शुभांगी परतली तेव्हा खुर्ची पलंगाकडे वळलेली होती. पडद्यावर तिचा प्रोग्राम उघडाच होता आणि त्याच्या सगळ्यात वर एक नवी ओळ होती. इंग्रजी टी, अर्धविराम, मग मोकळी जागा, मोठा एच, के, छोटा एच, ई. खाली लाल नागमोडी रेघ. चूक असली की ती रेघ येते.

"पप्पा, तुम्ही टाइप केलं?"

रंभाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. "डोकं गेलं," ते म्हणाले. "हात गेला... आता डोकं बी."

शुभांगीने कीबोर्डकडे पाहिलं. कळांवर रंभाजींनी लावलेले मराठी स्टिकर अजून होते. टीवर ज. अर्धविरामावर य. ती एकेक अक्षर जुळवत गेली. जय भीम. कुठलंही मॅटर लावायच्या आधी ते कीबोर्ड तपासायला हेच टाइप करायचे. मोठा एच होता, म्हणजे शिफ्ट दाबून धरलं होतं. डाव्या, एकाच हाताने.

"चुकलं नाही पप्पा. अक्षर न् अक्षर बरोबर आहे. मशीन बदललंय."

ते वळले नाहीत.

"मी विंडोज पुसलं. अपडेट म्हणाले, ते खोटं होतं."

"कवा?"

"शनिवारी."

"माजं मॅटर?"

"पेनड्राइव्हमध्ये आहे. उघडत नाही."

"मला इचारायचं," रंभाजी म्हणाले.

"हो."

त्यांचा जुना प्रोग्राम नसला, तरी लिनक्सवरही टाइपरायटरसारखं मराठी टाइप करता येतं. चार-दोन मिनिटांचं काम आहे. तिने शनिवारीच ते केलं असतं, पण आता ते कोणाला लागेल असं तिला वाटलं नव्हतं. ते तिने आता केलं आणि एक कोरी फाइल उघडली.

"छगनला सांग," रंभाजी म्हणाले. "देतो म्हनून."

तिने फोन लावला आणि बोलत बोलत दाराबाहेर आली.

"आगं पोरी, ते फ्लेक्सवाल्याकडं दिलं की परवाच," छगन म्हणाला. "वैनीच न्हाई म्हनल्या. दादा बरे हायेत ना?"

"बरे आहेत."

ती आत आली. रंभाजी डाव्या हाताने खुर्चीची पाठ धरून उठत होते. "काय म्हनला?"

"लवकर द्या म्हणाले."

ते बसले. मागच्या वर्षीचं हँडबिल त्यांना पाठ होतं. संध्याकाळपर्यंत त्यांची दीड ओळ झाली. पार्थचा मेसेज आला, फाइल कधी पाठवतेस. शुभांगीने मोबाईल पालथा ठेवला. खुर्ची एकच होती. ती पलंगावर बसून राहिली.