भिंतीखालचं झाकण

मागच्या बुधवारी सकाळी दारात दोन माणसं आली आणि म्हणाली, आजी, संडासाची टाकी दाखवा. आजवर आल्यागेल्याला देवघर दाखवलं, नातीचे फोटो दाखवले... टाकी बघायला पहिल्यांदाच कोणी आलं.

आमच्या भागात अजून ड्रेनेजची लाइन नाही, घरोघरी टाक्याच. आता म्हणे नियम आहे... टाकी वेळच्या वेळी उपसायची आणि साहेबांनी झाकण उघडून आत बघायचं. म्हटलं बघा बाबा, ज्याची त्याची नोकरी.

पण झाकण दाखवायचं कुठून? ते भिंतीखाली.

आमच्या मालकांची आणि दिरांची वाटणी झाली तेव्हा दोघा भावांनी अंगणात मधोमध सुतळी धरली. सुतळी नेमकी टाकीच्या झाकणावरून गेली. कोणीतरी वीतभर सरकायचं ना... नाही सरकले. भिंत झाकणावरच बांधली.

बाकी सगळं वाटलं. पातेली वाटली, पाटा आमच्याकडं आला आणि वरवंटा तिकडं गेला, इतकं वाटलं. टाकी तेवढी दोघांत राहिली, कारण ती कोणी मागितलीच नाही.

दोघं भाऊ गेले, भिंत राहिली. पलीकडं माझी धाकटी जाऊ, शांता. तिचं दार मागच्या गल्लीत. आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो... म्हणजे ती तिच्या कुत्र्याला शिव्या द्यायची त्या मला असायच्या, आणि मी मांजराला द्यायची त्या तिला.

एरवी मी त्या माणसांना चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण चार दिवस झाले, आमच्या संडासात पाणी उतरत नव्हतं. आणि रविवारी घरीच माझ्या नातीचा, पूजाचा साखरपुडा. गंगापूरहून जीपा भरून माणसं येणार... त्यांना काय सांगणार, श्रीखंड खा आणि तसेच दम धरून गंगापूरला जा?

साहेब म्हणाले, झाकणावर बांधकाम चालत नाही, तेवढी भिंत काढा. पण भिंत दोन्ही घरांची, तर दोन्ही घरांनी हो म्हणा.

झालं... आता आधी हो कोणी म्हणायचं? पोरानं रफिक मिस्त्रीला बोलावून आणलं, तो पहार घेऊन उभा. मी मांजराला म्हटलं, "बघ गं, टाकी भरवली लोकांनी आणि निस्तरायचं आपण."

पलीकडून आवाज आला, "मोत्या, खाणारी तोंडं कोणाकडं जास्त आहेत रे?"

मी मांजराला उत्तर दिलं. तिकडून मोत्याला उत्तर आलं. साहेब एकदा भिंतीकडं बघायचे, एकदा घड्याळाकडं. शेवटी रफिक वैतागून म्हणाला, "अम्मा, अंदर किसी का नाम नै लिखा रहता."

भिंतीपलीकडं शांता हसली. तिचं हसणं लग्न होऊन आली तेव्हापासून तसंच आहे, कोंबडीमागं कुत्रं लागल्यासारखं. ते ऐकून मलाही आवरेना... कोणी हो म्हणालं नाही, नाही पण म्हणालं नाही. रफिकनं तेच हो धरलं आणि पहार घातली.

विटा पडल्या आणि धुरळ्यात शांता दिसली, नाकाला पदर लावलेली. इतक्या जवळून लई वर्षांनी बघितली. डोकं पार पांढरं झालंय. ती पण माझ्याकडं बघत होती... माझे राहिलेले दात मोजत असणार.

मग उपसायची गाडी आली. माणूस आत उतरवायचा नाही, सगळं पाइपनं ओढायचं, हा पण नियमच. हा नियम मला पटला. टाकी रिकामी झाल्यावर साहेबांनी बॅटरी मारून बघितलं, आणि नाकं दाबून आम्ही दोघी पण वाकलो... अलीकडून मी, पलीकडून ती, मधे अंतरपाट नाही एवढंच.

वाकल्या वाकल्या शांता म्हणाली, "रविवारी माणसं किती आहेत, अक्का?"

"आहेत शंभरेक."

"मग एका संडासात काय भागतंय? आमचाही उघडा ठेवते. टाकी तर एकच आहे."

आमंत्रण मी दिलं नाही, तिनं मागितलं नाही. पण ती येणार हे ठरलं.

रविवारी सकाळी ती त्या भगदाडातून आली ती काखेत वरवंटा घेऊन. इतकी वर्षं तो दाराला टेकण म्हणून लावला होता म्हणे. "गंगापूरच्या लोकांना मिक्सरची चटणी घालणार होता का?" माझ्या पाट्यावर मी कपडे आपटत होते, तो घासून घेतला. चटणी तिनं वाटली, मीठ जास्त पडलंय हे मी सांगितलं, आणि तिनं ते ऐकून घेतलं नाही. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतली... पोरीचा साखरपुडा झोकात झाला. पाणी पण झोकात उतरलं, दोन्हीकडं.

सोमवारी पोरगा रफिकला विटांचं विचारायला लागला. मी म्हटलं, "खुळा झालास का? झाकणावर बांधकाम करायचं नाही, नियम आहे." तिकडून शांता म्हणाली, "उगाच दंड बसायचा."

मांजर आणि मोत्या निवांत आहेत आता. त्यांच्या वाटच्या शिव्या आम्ही समोरासमोर देतो.

गल्लीतल्या बायका येऊन ते भगदाड बघतात आणि विचारतात, एवढ्या वर्षांची भिंत, परत का नाही बांधली? नियम करणाऱ्याचं भलं होवो... आम्ही दोघी एकच उत्तर देतो. सरकारचं काम आहे बाई, आपण काय करणार.